उभ्या पिकातून

इंग्लंडमधल्या मोरटन-इन-मार्श स्टेशनातून बाहेर पडून वीसेक मिनिटं झाली असतील. घरं संपली, एक लाकडी फाटक आलं आणि त्याच्या खांबावर पिवळा बाण. बाणाचं टोक सरळ समोरच्या कुरणात. आत मेंढ्या चरत होत्या. मी फाटक उघडून शिरले. अण्णा बाहेरच उभे.

"कुणाचं आहे हे?"

"माहीत नाही."

"विचारलंस का कुणाला?"

"विचारायचं नसतं, अण्णा. सार्वजनिक पायवाट आहे ही."

"नोंद कुठाय?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, रत्नागिरी जिल्ह्यात तलाठी होते, हे आधी सांगायला हवं होतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण नोकरी काही अंगातून गेलेली नाही. कोकणात माणसं जमिनीच्या तुकड्यापेक्षा त्या तुकड्यावरून जाणाऱ्या वाटेसाठी जास्त भांडतात. मामलेदार कोर्टाच्या 1906 च्या कायद्याचं पाचवं कलम आमच्या घरात शुभंकरोतीइतकं नेमाने कानावर पडायचं, कारण अडवलेला रस्ता तहसीलदाराकडून मोकळा करून घ्यायचा तो त्याच कलमाखाली. आणि आमचंच घर त्यातून सुटलं नव्हतं. परसामागून पऱ्ह्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणारी आमची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, शेजाऱ्यांनी एका मे महिन्यात गडगा घालून बंद केली. मी तेव्हा पाचवीत होते. निकाल लागला तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. तोवर पाखाडीवर करवंदीची जाळी माजली होती आणि पऱ्ह्यावर जायचं कुणालाच कारण उरलं नव्हतं, घरात नळ आला होता.

अशा माणसाला मी इंग्लंडच्या शेताशेतांतून तीन दिवस चालवायला घेऊन निघाले होते.

मी रेडिंगला राहते, सात वर्षं झाली. चालायला लागले ती चौथ्या वर्षी, आणि पहिल्यांदा सपशेल तोंडावर आपटले. ऑक्टोबरात एकटीच चिल्टर्नच्या टेकड्यांत गेले, फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर. बीच वृक्षांच्या जंगलात पानगळीने वाट झाकून टाकलेली, फोन थंडीने मान टाकलेला, आणि साडेपाचला अंधार. दोन तास त्याच एका पडलेल्या झाडाभोवती घिरट्या घालून शेवटी मोटारींच्या आवाजाच्या रोखाने रस्त्यावर आले. तेव्हापासून कागदी नकाशा सोबत असतोच. ऑर्डनन्स सर्व्हेचा, नारिंगी मुखपृष्ठाचा, 1:25,000 प्रमाणाचा. जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावर चार सेंटिमीटर. गुलाबी मुखपृष्ठाचा 1:50,000 चा घेऊ नका, तो मोटारवाल्यांना आणि सायकलवाल्यांना ठीक. त्यात शेतांचे बांध नसतात, आणि पायी चालणाऱ्याला "हे शेत ओलांडून डाव्या कोपऱ्यात फाटक" एवढंच तर कळायला हवं असतं.

अण्णा आले तेव्हा पायात सँडल होते. त्यांच्या मते शेतात चालायला बूट घालणं म्हणजे निव्वळ नाटक. तरी घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट घेतले, आणि ते पायाला सवयीचे व्हावेत म्हणून आठवडाभर रोज टेम्सच्या काठाकाठाने सॉनिंगपर्यंत जाऊन येत राहिलो. नवे बूट थेट लांब चालीला घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी बसमध्ये सापडतो. मोजे लोकरीचे, सुती अजिबात नाहीत, कारण सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या, पावसाचं जाकीट, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी. पुऱ्या घेण्यामागे हौस नाही, अनुभव आहे. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि मग बटाट्याच्या वेफर्सवर दिवस काढावा लागतो. अण्णांनी स्वतःचं म्हणून एकच सामान घेतलं: डायरी आणि लाल-निळी दोन पेनं.

तर, नोंद. मी फाटकावरच नकाशा उघडला. ओएल 45 क्रमांकाचा, कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांच्या भागाचा. त्यावर हिरव्या तुटक रेघा आहेत, त्या सार्वजनिक पायवाटा. आखूड रेघ असेल तर फक्त चालणाऱ्यांची, लांब रेघ असेल तर घोडा आणि सायकलही चालते. या रेघा आल्या कुठून, तर 1949 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, आपापल्या हद्दीतल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. त्यात एकदा वाट चढली की जमीन दहा वेळा विकली गेली तरी वाट हलत नाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात.

"आणि नकाशात चढलेली नसेल तर?"

"तर लोक वीस वर्षं उघडपणे, परवानगी न मागता, कुणी न अडवता चालत होते हे दाखवायचं."

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वीसच? आपल्याकडेही वीसच. 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा, कलम पंधरा." मग जरा थांबून, "पण आपल्याकडे ती वहिवाट ज्याच्या त्याच्या घराची. इथे सगळ्यांची म्हणतेस?"

"सगळ्यांची. तुमचीसुद्धा."

एवढं झाल्यावर ते आत आले. फाटक मात्र माझ्याआधी त्यांनीच लावून घेतलं, कडी दोनदा तपासून. फाटक जसं मिळालं तसंच ठेवून पुढे जायचं, हा इथला पहिला नियम त्यांना शिकवावा लागला नाही.

कुरणाच्या मध्यावर ते पुन्हा थांबले. गवताखाली जमीन लाटांसारखी वरखाली होत होती, एका अंतरावर, थेट कुंपणापर्यंत. "सरी-वरंबा," अण्णा म्हणाले, "पण इतका रुंद?" बरोबर ओळखलं होतं. मध्ययुगातल्या नांगरटीच्या खुणा आहेत त्या. बैलांच्या लांब जोतीने शतकानुशतकं माती आतल्या बाजूला पाडत गेल्यामुळे वरंबे चढले. नंतर लोकरीला भाव आला, नांगर थांबला, मेंढ्या आल्या आणि गवताखाली तो सरी-वरंबा तसाच राहून गेला. मी हे सांगत होते तेव्हा अण्णा एका वरंब्याच्या टोकाशी उकिडवे बसून त्याचं वळण बघत होते. ओळ सरळ जात नाही, टोकाशी किंचित वाकते. "बैल वळवायला जागा लागते," ते म्हणाले. "अगोदरपासूनच वळवत आणायचे असणार." हे मी वाचलं होतं. त्यांना बघून कळलं.

पुढचं शेत बार्लीचं. जूनचा पहिला आठवडा, कणसं निघालेली, वाऱ्यावर अख्खं शेत चंदेरी सरकत होतं. पिवळा बाण थेट मधोमध, आणि बाणाच्या रोखाने पिकातून हातभर रुंदीची स्वच्छ पट्टी गेलेली.

"उभ्या पिकातून पाय घालायचा नाही," अण्णा म्हणाले आणि कडेने निघाले. मी समजावलं, पण ऐकतात कुठले. शेवटी मीही त्यांच्या मागे बांधाच्या कडेने. अर्धा फेरा झाला असेल तेवढ्यात चारचाकी मोटारसायकलवरून एक बाई आल्या, पन्नाशीच्या, कुत्रं मागे बसलेलं. गाडी बंद केली, हवेबद्दल दोन वाक्यं झाली (ती झाल्याशिवाय इथे पुढचं बोलणं होत नाही) आणि मग त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की वाट मधून आहे, कडेने नाही. कडेची ही पट्टी त्यांनी पक्ष्यांसाठी राखलीय, जमिनीवर घरटी असतात, कृपा करून मधून जा.

मी भाषांतर केलं. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नोकरीत शेकडो शेतकरी त्यांना "माझ्या पिकातून जाऊ नका" म्हणाले असतील. "माझ्या पिकातूनच जा" म्हणणारी ही पहिलीच. कायदा असा आहे की शेतकरी शेतातून जाणारी वाट नांगरू शकतो, पण चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, आणि पीक उगवलं की किमान एक मीटर पट्टी मोकळी ठेवायची. आपण कडेने गेलो तर उलट आपणच हद्द सोडून दुसऱ्याच्या जमिनीत घुसलेले ठरतो. अण्णा मागे फिरले, बाणापाशी आले आणि बार्लीत शिरले. दोन्ही हात पोटाशी धरून, कणीस लागू नये म्हणून अंग चोरून, देवळाच्या गाभाऱ्यात शिरावं तसे.

बोर्टन-ऑन-द-हिल नावाप्रमाणे चढावर आहे. तिथून दक्षिणेला वाट एका मोठ्या इस्टेटीच्या जुन्या ओकवृक्षांमधून जाते. उजवीकडे झाडी उघडली आणि अण्णा म्हणाले, "बाय, हा कुणाचा मकबरा?"

समोर हिरवट झालेला तांब्याचा कांद्यासारखा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, खाली छज्जा. ग्लॉस्टरशरच्या मेंढ्यांमागे जणू आग्र्याहून उचलून आणलेला. ही वाट मुद्दाम याच्यासाठी निवडली होती, पण आधी बोलले नव्हते. सीझिनकोट त्याचं नाव. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलचं घर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. आराखडा त्याच्याच भावाचा, सॅम्युअल पेपिस कॉकरेलचा, जो हिंदुस्थानात कधी गेला नव्हता. हिंदुस्थान पाहिलेला माणूस होता चित्रकार थॉमस डॅनियल. त्याने बागेचं काम बघितलं, त्यात सूर्याचं देऊळ आहे आणि पुलावर नंदी आहेत. बाग तिकीट काढून ठरावीक दिवशी बघता येते. आमचा तो दिवस नव्हता, म्हणून नंदी राहिले. पण घर मात्र पायवाटेवरून फुकट दिसतं. मालकाला ते आवडो न आवडो, वाट आहे म्हणजे आहे.

याच डॅनियलने 1805 मध्ये आणखी एक चित्र पुरं केलं: पुण्याच्या दरबारात 1790 साली पेशव्यांशी तह करणारा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट. त्या दरबाराची मूळ रेखाटनं जेम्स वेल्सची. नाना फडणविसांचं प्रसिद्ध चित्र काढणारा तोच वेल्स. तो वारला आणि त्याच्या कागदांवरून डॅनियलने लंडनमध्ये बसून पुणं रंगवलं. चित्र आता टेट संग्रहालयाकडे आहे.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं, घुमटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पैसा आपलाच म्हणायचा." मग पुरीचा डबा उघडला. ओकच्या मुळांवर बसून आम्ही लसणीच्या चटणीशी पुऱ्या खाल्ल्या. मेंढ्यांनी वास घेतला आणि लांब गेल्या. लाँगबरोवरून वळसा घेऊन संध्याकाळपर्यंत मोरटनला परत, तिथून बसने चिपिंग कॅम्डन. बाराएक किलोमीटर झाले होते. अण्णा ताजेतवाने, माझ्याच डाव्या टाचेला फोड.

दुसरा दिवस आखूड होता, दहा किलोमीटर, आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॅम्डनच्या 1627 च्या दगडी बाजारघरापासून कॉट्सवोल्ड वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग सुरू होतो, तो 164 किलोमीटर चालत थेट बाथच्या चर्चपाशी संपतो. आम्ही त्यातला पहिला तुकडाच करणार होतो. डोव्हर्स हिलवरून दरी दिसते असं म्हणतात. आम्हाला ढग दिसला. पाऊस म्हणजे भुरभुर, कोकणातल्या माणसाने त्याला पाऊस म्हणणं कमीपणाचं, पण वारा आडवा होता आणि अण्णांची छत्री पहिल्या दहा मिनिटांत उलटी झाली. चिखल मात्र इथला वेगळा. चिकणमाती बुटाला थर चढवत जाते आणि माणूस दोन इंच उंच होतो.

दगडी कुंपणं बघून अण्णांना घरचं काहीतरी भेटल्यासारखं झालं. "हा गडगाच!" चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. आपला जांभा तांबडा, इथला चुनखडीचा, मधाच्या रंगाचा. वर उभे दगड पुस्तकांसारखे ओळीने लावलेले. कुंपणात जागोजागी किसिंग गेट नावाचं फाटक असतं. अर्धवर्तुळाकार कठड्यात ते नुसतं इकडून तिकडे हलतं, माणूस वळून निघतो, जनावर नाही. अण्णांनी नाव विचारलं तेव्हा मी "झुलतं फाटक" म्हणून वेळ मारून नेली. कोकणातल्या बेड्यापेक्षा बरं आहे, असा शेरा मिळाला: बेड्याचे बांबू कुणीतरी काढून ठेवतो आणि मग गुरं आत.

ब्रॉडवे टॉवरच्या टेकडीवरून (312 मीटर, वर अठराव्या शतकाच्या अखेरचा एक शोभेचा बुरूज) उतरताना एका कुरणात तरण्या खोंडांचा कळप होता. वीसेक असतील. आमच्याकडे बघितलं आणि सगळे एकदम चालत आले. इंग्लंडमध्ये मला भीती वाटते ती याचीच. जूनमधली ही पोरं माणसाला बघून घेरतात, मागे मागे येतात, आणि धावलं की तीही धावतात. दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू पायवाटेच्या शेतात मोकळा ठेवायला कायद्याने बंदी आहे, पण या खोंडांना कुठला कायदा. मी कडेला सरकत होते. अण्णा वळले, दोन्ही हात पसरले आणि खास आपल्या आवाजात म्हणाले, "काय रे? काय पायजे? चला, व्हा मागे, हाऽऽड!" पुढचे चार थबकले. एकाने मान पुढे करून अण्णांच्या जाकिटाची बाही चाटली. अण्णांनी त्याच्या कपाळावर खाजवलं. आम्ही फाटकापर्यंत गेलो ते अख्खी मिरवणूक मागे घेऊन.

तिसऱ्या दिवशी ब्रॉडवे ते विंचकम, एकोणीस किलोमीटर. सकाळी आठलाच निघालो. स्टँटन गावाच्या चर्चमध्ये बाकांच्या टोकांवर घासून पडलेल्या खाचा आहेत. धनगर प्रार्थनेला यायचे तेव्हा कुत्रे तिथे बांधायचे, त्या साखळ्यांच्या खुणा, असं सांगतात. अण्णांनी खाचेत बोट घालून पाहिलं. स्टॅनवेला क्रिकेटची गवताने शाकारलेली झोपडी दगडी अळंब्यांवर उभी आहे. पूर्वी धान्याची कोठारं अशा दगडांवर ठेवत, उंदराला अळंबीच्या छत्रीखालून उलटं होऊन वर चढता येत नाही म्हणून. नंतर एक दमवणारा चढ आला, तिथे अण्णा पहिल्यांदा म्हणाले, "बसू या जरा."

आणि मग ते शेत आलं. कुठलं ते सांगत नाही. फाटक होतं, बाण होता, पण बाणापुढे वाट नव्हती. छातीपर्यंत वाढलेलं मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक, शेंगा भरलेल्या, फांद्या एकमेकांत गुंतलेल्या. मी दहा पावलं आत जाऊन पाहिलं. हात ओरबाडले, विजार कंबरेपर्यंत भिजली. परत आले. कडेने वळसा घालण्यावाचून इलाज नव्हता, आणि कडेला खाजरी नेटलची झाडं. ती लागली की आपल्या खाजकुइलीसारखीच आग. शेजारी उगवणारं रुंद पान चोळतात, त्याने माझी काही कमी झाली नाही.

पलीकडच्या फाटकाशी पोचल्यावर मी पुढे निघाले, तर अण्णा खाली बसलेले. डायरी उघडलेली.

"नकाशा दे. हे फाटक कुठल्या चौकटीत येतं?"

मी सहा आकडी संदर्भ काढून दिला. त्यांनी निळ्या पेनाने कच्चा नकाशा काढला: दोन्ही फाटकं, बाणाची दिशा, ओकचं एक झाड खूण म्हणून, उत्तर कुठे. वळसा घालताना पावलं मोजली होती, ती लिहिली. पिकाची उंची लिहिली. तारीख, वेळ. खाली "समक्ष" लिहून माझं नाव घातलं.

"अण्णा, मी फोटो काढलाय."

"फोटो कुठला ते कोण सांगणार? स्थळदर्शक नकाशा पाहिजे."

अर्ज काउंटीच्या संकेतस्थळावर करता येतो, हे ऐकून त्यांना जरा वाईटच वाटलं. समक्ष जाऊन टेबलावर द्यायचा त्यांचा विचार असावा. पुढच्या वाटेत हेल्सचा मठ लागला, 1246 साली बांधायला घेतलेला आणि 1539 मध्ये मोडलेला. येशूचं रक्त म्हणून एक कुपी तिथे होती आणि तिच्या दर्शनाला दूरदूरचे लोक पायी येत. आता उरलेल्या कमानींवर कावळे. अण्णांनी कमानींकडे ओझरतं बघितलं. शेवटचे तीन किलोमीटर ते अर्जाचा मजकूर सांगत होते. "सदर वाट पूर्वापार वहिवाटीची असून" याचं इंग्रजी काय करणार, म्हणून मला विचारत होते.

विंचकमला पोचायच्या आधी आणखी एक शेत लागलं, गव्हाचं. पट्टी होती, पण अरुंद. मी मागे होते. अण्णा बाणाखाली क्षणभरही न थांबता शिरले, हात मोकळे सोडून, दोन्ही बाजूंचं पीक बुटांना लागत होतं तरी मधोमध.

विंचकमहून बसने चेल्टनम, पुढे रेल्वेने रेडिंग. त्या रात्रीच मी अर्ज भरला आणि अण्णांच्या डायरीतल्या पानाचा फोटो जोडला, कारण ते उठून बसले होते आणि जोडल्याशिवाय झोपायला तयार नव्हते. पोच म्हणून एक क्रमांक आला. तो त्यांनी लाल पेनाने उतरवून घेतला. दहा दिवसांनी ते परत गेले.

उत्तर आलं जुलैच्या अखेरीस. चार ओळींचं: पाहणी केली, जमीनमालकाशी बोललो, वाट कापून मोकळी करण्यात आली आहे, कळवल्याबद्दल आभार. मी ते मराठी करून अण्णांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. रात्री एक फोटो आला. डायरीचं तेच पान, कच्चा नकाशा, ओकचं झाड, आणि सगळ्यावरून तिरपं, लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं: "निकाली".